धोंडीची जागा

१

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी आमचं एक ठरलेलं नाटक असायचं. सारंग आरशात बघून विचारायचा, "सगळे आलो?" श्रिया मागून ओरडायची, "ऑल हिअर!" आणि मी मागे वळून तिच्या शेजारच्या सीटवरच्या दगडाला विचारायची, "काय धोंडीबाई, निघायचं ना?"

दगडाची गोष्ट आधी सांगते, नाहीतर बाईचं डोकं फिरलंय असं वाटायचं. जूनच्या सुट्टीत आम्ही ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. खालच्या टोकाच्या अ‍ॅडलेडपासून वरच्या टोकाच्या डार्विनपर्यंत, मधल्या सगळ्या ओसाडीतून, भाड्याच्या गाडीनं. सिंगापूरहून निघताना पुण्याला सासूबाईंना फोन केला, तर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तिघंच निघालात? तीन तिघाडा काम बिघाडा. चौथा म्हणून एक खडा तरी घ्या बरोबर."

लहानपणी आमच्याकडेही हे करायचे. तिघं निघाले की चौथ्याच्या जागी खडा नाहीतर सुपारी खिशात टाकायची, काम झालं की टाकून द्यायची. आता सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये खडा कुठून आणायचा? आमच्या ब्लॉकखाली सगळीकडे फरशी, आणि जिथे फरशी नाही तिथे कापलेलं गवत. शेवटी श्रियाच्या टेबलावर पुलाउ उबीन बेटावरून आणलेला एक करडा दगड होता. सायकलच्या सहलीत तिनं उचललेला, नारळाएवढा. तोच घेतला.

खिशात मावेना म्हणून सीटवर ठेवला. घरंगळायला लागला म्हणून पट्टा लावला. पट्टा लावल्यावर नाव ठेवलं. आणि नाव ठेवल्यावर मी त्याच्याशी बोलायला लागले, कारण त्या गाडीत मराठी ऐकून घेणारं दुसरं होतं कोण? सारंगच्या कानात पॉडकास्ट. श्रिया अकरा वर्षांची, सिंगापूरच्या शाळेतली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा करार. मग मी मैलोन्‌मैल धोंडीला गोष्टी सांगितल्या. माझ्या आजोळच्या, शाळेच्या, लांब केसांना तेल लावून आई घट्ट वेणी घालायची त्याच्या. श्रियानं त्याच महिन्यात केस कानापर्यंत कापून घेतले होते, त्याचा राग होताच. एकदा ती फारच उलटून बोलली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा आमची धोंडी बरी. ऐकून तरी घेते."

"देन यू टेक द स्टोन होम, लाह," श्रिया सिंगापुरी शेपटी लावून म्हणाली. आम्ही दोघी हसलो.

याला कोणी हात दाखवून अवलक्षण म्हणेल. म्हणू दे. मुलीशी थट्टा केली म्हणून मी कुणाची माफी मागणार नाही.

२

शेवटच्या दिवशी कॅथरिन नावाच्या गावातल्या मोटेलमधून निघालो. तिथून डार्विन फार लांब नाही, दुपारचं विमान. सारंग स्वभावानं काटेकोर. तो म्हणाला, "येताना निभावलं, आता दगडमाती घेऊन विमानात नको. कस्टममध्ये कटकट. काम झालंय, टाकून दे." मी काही म्हणायच्या आत त्यानं पट्टा काढला, दगड उचलला आणि मोटेलमागच्या वाळक्या गवतात फेकला.

गाडी रस्त्याला लागली आणि घंटी वाजायला लागली.

पट्टा न लावता कोणी बसलं की गाडीत वाजते ती घंटी. आधी हळू, मग जोरात. समोरच्या पडद्यावर चार सीटांचं चित्र होतं, त्यातली सारंगच्या मागची, धोंडीची सीट लाल झाली होती.

"श्रिया, तिथली बॅग काढ," सारंग म्हणाला.

"नो बॅग. नथिंग."

मी वळून बघितलं. सीट रिकामी होती. श्रियानं सीटवर हात फिरवला, झटकली. घंटी चालूच. सारंगनं गाडी बाजूला घेतली, उतरून दार उघडलं, सीट दाबून बघितली. "धूळ गेली असेल सेन्सरमध्ये. इतक्या लाल मातीतून आलोय." पटण्यासारखं होतं. मी ऑडिटमध्ये आहे. कारण पटलं की मी पुढे जाते, नाही पटलं तर भांडते. हे पटलं. मी वाकून त्या रिकाम्या सीटचा पट्टा खटकन लावला. घंटी थांबली.

"सी, ममा," श्रिया म्हणाली. तिनं स्वतःचा पट्टा काढून हातात धरला होता. "माइन डोन्ट रिंग."

तिच्या सीटचा दिवा विझलेला होता. तिथे कोणी बसलेलंच नाही, असं पडदा म्हणत होता. मी तिला पट्टा लावायला लावला आणि सारंगला म्हटलं, गाडी परत करताना त्या लोकांना सांग, सगळ्या वायरी उलट्यासुलट्या झाल्यात.

३

वाटेत पेट्रोलला थांबलो तेव्हा सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी पुढच्या सीटवर बसून फोन धरला होता, माझ्या खांद्यावरून मागचं दिसत असणार. श्रिया आणि सारंग दुकानात चिप्स घ्यायला गेले होते.

"संध्याकाळी घरी पोचू, आई," मी म्हटलं. "तुमचा चौथा पण सुखरूप. आज सकाळीच टाकला."

"आज सकाळी? अगं अश्लेषा, टाकायचा तो घरी पोचल्यावर. मग उरलेल्या वाटेला चौथं कोण?"

"देव आहे की," मी म्हटलं. सासूबाईंना गप्प करायला हे उत्तर चालतं.

त्या थोडा वेळ पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग हसल्या. "बाकी काही म्हण, वेणी छान दिसते हो श्रियाला. मान खाली घालून बसली आहे, दमली का?"

मी फोन खाली केला. वळून बघायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मागे कोणी नव्हतं. पट्टा लावलेला होता, मीच लावलेला. फक्त तो मघाशी सीटला चिकटून सपाट होता, आणि आता थोडा पुढे, फुगलेला दिसत होता.

सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. मागच्या सीटला डोक्याची उशी असते, तिच्यावर सावली पडते. हे सगळं मी मनात म्हटलं आणि खाली उतरून तो पट्टा काढला. घंटी वाजली तर वाजू दे, असं ठरवलं. डार्विनपर्यंत ती वाजत राहिली, आणि सारंगनं दोनदा विचारलं, तरी मी पुन्हा पट्टा लावला नाही. फुकट कुणाला जागा द्यायची नाही, एवढंच तेव्हा मनात होतं. नीट कळलेलं काहीच नव्हतं.

४

विमानात काही झालं नाही. श्रिया सिनेमा बघत हसत होती, मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. सिंगापूरला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि एअरपोर्टवरचा तो गारवा, ते कार्पेट, सगळं ओळखीचं बघून मला बरं वाटलं. आपल्या घरी आला की माणूस आपोआप शेर होतो.

बायकांच्या स्वच्छतागृहात हात धुवायला गेलो. नळाखाली हात धरला की पाणी येतं, तसले नळ. श्रियानं हात धरला. पाणी आलं नाही. तिनं शेजारचा नळ बघितला, मग तिसरा. मी हात घातला की धो धो, तिचा गेला की बंद. शेवटी मी तिचे हात माझ्या हातात धरून नळाखाली नेले आणि दोघींचे मिळून धुतले. ती हसत होती. "ममा, आय ॲम घोस्ट!"

"गप्प बस," मी म्हटलं. मी इतक्या जोरात म्हटलं की आरशापुढची एक बाई वळली. तिनं माझ्याकडे बघितलं, फक्त माझ्याकडे.

इमिग्रेशनला आपोआप उघडणारी दारं आहेत, चेहरा दाखवायचा आणि पुढे जायचं. सारंग गेला. मी श्रियाला पुढे केलं. दार हललं नाही. कॅमेरा वरखाली झाला, तिचा चेहरा शोधत राहिला. एक तरुण अधिकारी आला आणि मला म्हणाला, "मॅडम, प्लीज प्रोसीड."

"माय डॉटर फर्स्ट."

"येस येस, शी ऑलरेडी वेंट, ना?" त्यानं पलीकडे सारंगकडे बोट दाखवलं.

सारंग पलीकडे बॅगा धरून उभा होता आणि खाली, आपल्या कोपराच्या उंचीवर बघून कुणाशी तरी बोलत होता.

मी त्या अधिकाऱ्याशी भांडले. श्रियाचा पासपोर्ट त्याच्या नाकासमोर धरला, तिचा खांदा धरून तिला त्याच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हटलं, ही बघा, ही. तो डोळे मिचकावत राहिला, लांबून कोणी हाक मारावी तसं त्याचं झालं. मग "ओह. सॉरी, सॉरी," असं म्हणून त्यानं आम्हाला काउंटरवर नेलं आणि शिक्का मारून सोडलं. जाताना श्रियानं माझा हात धरला. तिचा तळवा घामानं ओला होता. एरवी ती चारचौघांत माझा हात धरत नाही, तिला लाज वाटते.

सारंगला विचारलं, "कुणाशी बोलत होतास?"

"श्रियाशी. अजून कुणाशी?" तो म्हणाला. "केवढी शहाण्यासारखी वागतेय आज. चक्क मराठीत बोलली माझ्याशी."

५

टॅक्सीत सारंग पुढे बसला. मागे मी आधी शिरले, सरकले, आणि माझ्यापाठोपाठ श्रिया. दार लागल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पार खिडकीपर्यंत सरकलेच नाही. मी मधे बसले होते. ड्रायव्हरच्या मागची जागा मी मोकळी ठेवली होती, कोणी न सांगता. बाजूला श्रिया दाराला चेपून बसली होती.

सरकायला गेले. सरकता येईना असं नाही, पण त्या बाजूच्या मांडीला काहीतरी गार लागत होतं, आणि माझं अंग तिकडे जायला तयार होईना.

ड्रायव्हर म्हातारा चिनी अंकल होता. आरशात बघून सारंगला म्हणाला, "युअर डॉटर व्हेरी क्वाएट, आह. गुड गर्ल."

श्रिया तेव्हा एकसारखी बोलत होती. भीती वाटली की ती बडबडते. चिकन राइस खाऊ या, माझं वायफाय चालू असेल का, सोमवारी शाळेत काय काय आहे. सारंग मागे वळला आणि हसून म्हणाला, "दमलं का माझं बाळ?" तो श्रियाकडे बघत नव्हता. माझ्या दुसऱ्या बाजूला बघत होता, रिकाम्या जागेकडे. त्याच्या तोंडावर असलं प्रेम होतं की मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला संताप येतो.

"सारंग, श्रिया इकडे आहे."

"हं?"

"इकडे. डावीकडे. ही." मी श्रियाचा हात वर केला.

तो बघत राहिला. मघाच्या अधिकाऱ्यासारखाच. मग म्हणाला, "हो, हो, माहितीये," आणि पुढे वळला. पण त्याला माहीत नव्हतं. सोळा वर्षं संसार केलाय, खोटं बोलताना त्याचा आवाज कसा होतो ते मला कळतं.

तेव्हा मला पहिल्यांदा सगळं सरळ दिसलं. आमचं घर तिघांचं. तिघांना पुरेल एवढंच. चौथं कोणी आत शिरायचं म्हटलं तर आधीच्या एकाला बाहेर व्हावं लागणार, आणि कोण बाहेर होतंय तेही दिसत होतं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

मी श्रियाला ओढून मांडीवर घेतलं. अकरा वर्षांची घोडी. तिनं नेहमीसारखं "ममा, सो एम्बॅरसिंग" असं म्हटलं नाही. मी त्या रिकाम्या जागेकडे वळून, हळू आवाजात, पण स्वच्छ मराठीत सांगितलं, "ही माझी आहे. ही मिळायची नाही."

 तिथून तेलाचा वास आला, खोबरेल तेलाचा.

६

ब्लॉकखाली उतरलो. बॅगा भरपूर, लिफ्ट लहान. सारंगनं दोन मोठ्या बॅगा आत ढकलल्या, स्वतः शिरला आणि म्हणाला, "तू छोट्या घेऊन मागून ये. मी आणि श्रिया पुढे होतो."

श्रिया माझ्या हाताला धरून उभी होती.

मी तोंड उघडेपर्यंत दार मिटायला लागलं. मी पाय घातला असता, पण तेवढ्यात त्याचा हात दिसला. बॅगेच्या मुठीवर नव्हता तो. खाली, बाजूला, लहान मुलाचा हात धरतात तसा अर्धवट मिटलेला होता. दार लागलं.

"ममा," श्रिया म्हणाली, "व्हाय पापा से श्रिया?"

 आईला सगळं माहीत असतं असं वाटण्याचं तिचं वय अजून संपलेलं नव्हतं. मी म्हटलं, "पापा दमलाय."

ती रडत नव्हती. हनुवटी थरथरत होती, पण रडत नव्हती. ही माझी पोर. म्हणाली, "कॅन वी गो टू अनघा मावशी? प्लीज?" माझी बहीण अनघा वुडलँड्सला राहते. तिच्याकडे गेलो असतो तर तिनं काही न विचारता गाद्या घातल्या असत्या. आणि खरं सांगते, जावं असं मलाही वाटलं. 

पण मग आत सारंग राहिला असता. सारंग आणि ती धोंडी. आणि सोमवारी शाळेची बस आली असती तेव्हा तिच्यात कोण चढलं असतं? श्रियाच्या पलंगावर कोण झोपलं असतं? एकदा आपण होऊन जागा सोडली की ती परत मागायला तोंड उरत नाही.

"नाही," मी म्हटलं. "घर आपलं आहे. आपण का जायचं?"

दुसरी लिफ्ट आली. दार श्रियावर मिटायला आलं, दोनदा. दोन्ही वेळा मी ते खांद्यानं अडवलं.

आमच्या मजल्यावरच्या लांब गॅलरीत संध्याकाळचं ऊन तिरपं आलं होतं. कुणाच्या तरी घरी बातम्या लागल्या होत्या. आमचं लोखंडी दार उघडं, आतलं लाकडी दार लोटलेलं. बाहेर सारंगचे बूट, एकावर एक. त्यांच्याशेजारी फरशीवर लाल मातीचे दोन ठसे होते, अनवाणी पावलांचे, लहान, दाराकडे तोंड केलेले. माझे आणि श्रियाचे बूट अजून पायातच होते. अनवाणी कोणीच आलं नव्हतं.

आतून आवाज आला.

"आई, आलीस का? ये ना आत. पाय दुखले असतील तुझे."

श्रियाचा आवाज. हुबेहूब तिचाच. पण असं बोलणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. इतकं गोड, इतकं स्वच्छ, सगळ्या मात्रा जागच्या जागी. मी दहा वर्षं ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते बोलणं.  कबूल करते, क्षणभर वाटलं, किती छान बोलते.

माझ्या हातातला हात घट्ट झाला. "ममा," श्रिया कुजबुजली, "दॅट वन नॉट मी. आय स्वेअर. नॉट मी, लाह."

"मला माहितीये," मी म्हटलं. "तू असं कधी बोलशील का?"

आणि आम्ही दोघी आत गेलो.

७

आमचं जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं आहे. तीन खुर्च्या. चौथी बाजू भिंतीची.

श्रियाची खुर्ची दाराकडे पाठ करून असते. त्या खुर्चीवर ती बसली होती. मागून दिसली तेवढीच सांगते. श्रियाचाच निळा टी-शर्ट, श्रियाचेच खांदे, आणि पाठीवर लांब, घट्ट, तेल लावून घातलेली वेणी. वेणी करड्या रंगाची होती. म्हाताऱ्या बाईची असते तशी पांढुरकी नव्हे. करडी, बारीक चमचमणारी.

सारंग ओट्यापाशी कुकरमध्ये तांदूळ धूत होता. वळला, माझ्याकडे बघून हसला. "आलीस? मऊ भात टाकतोय. मेतकूट आहे ना घरात?" श्रियाकडे त्याची नजर गेलीच नाही. ती त्याच्यासमोर उभी होती, "पापा" म्हणाली, आणि तो पुन्हा तांदूळ धुवायला लागला.

श्रियानं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला आयुष्यात पुन्हा बघायचा नाही.

मी टेबलापाशी गेले. आवाज कापत नव्हता. ऑफिसात मोठमोठ्या साहेबांना मी खुर्चीवरून उठवलंय.

"ऊठ," मी म्हटलं. "ती श्रियाची जागा आहे."

वेणी हलली नाही.

"तुला गोष्टी सांगितल्या, खरं आहे. गाडीत बसवलं, नाव दिलं, तेही खरं. तुला बरी म्हटलं ती थट्टा होती. आणि खरं म्हटलं असतं तरी माझ्या पोरीची खुर्ची मिळत नसते. ती उलटून बोलते, केस कापते, मराठीचं वाटोळं करते, आणि मला तीच हवी आहे. ऊठ."

सारंगनं कुकरचं बटण दाबलं. गॅलरीतून कोणीतरी सायकल ढकलत गेलं. मी त्या खुर्चीच्या पाठीला हात लावला. लाकडाची खुर्ची, पण गार लागली, उन्हं गेल्यावर उघड्यावरचा दगड लागतो तशी.

मग ती उठली. घाईनं नाही. खुर्चीचे पाय फरशीवर घासले, एवढं ओझं असल्यासारखे घासले की खालच्या घरात ऐकू गेलं असेल. मी श्रियाला हाताला धरून पुढे ओढलं आणि तिच्या जागेवर बसवलं. बस, बस, हलू नकोस, असं म्हणत दोन्ही खांदे दाबून बसवलं.

सारंग वळला. "श्रिया, मोजे काढ आधी," तो म्हणाला. तिच्याकडे बघत. सरळ, तिच्या डोळ्यांत. "किती घाण झालेत."

श्रियाला रडू फुटलं. सारंग घाबरला, तिच्याजवळ आला, तिचे कापलेले केस कुरवाळत काय झालं, काय झालं, विचारत राहिला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मी जिंकले होते.

मग खुर्ची पुन्हा घासली. दुसरी. खिडकीजवळची, माझी.

मी तिचं तोंड बघितलं नाही. त्या खुर्चीवर बसलं की तोंड ओट्याकडे होतं, म्हणजे बघता आलं असतं. मी टेबलावर ठेवलेले हात बघितले. लहान होते, आणि भात शिजेपर्यंत लहान राहिले नाहीत. नखांत लाल माती होती.

सारंगनं तीन ताटं घेतली. एक स्वतःला, एक श्रियाला, एक त्या खुर्चीपुढे. भात वाढला, मेतकूट घातलं. मग त्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "अश्लेषा, तूप घे ना." मी त्याच्या कोपराला लागून उभी होते. मी त्याला हाक मारली. मग मोठ्यानं मारली. त्यानं मेतकुटाचं झाकण लावलं.

बरं, मी म्हटलं. असं तर असं.

मांडणीवरून मी चौथं ताट काढलं, मुद्दाम आपटून. भात वाढून घेतला, तूप घेतलं, चांगलं दोन चमचे. ओट्याला टेकून उभी राहिले. उभ्यानं जेवायचं मला कोणी शिकवायला नको. आमच्या घरच्या सगळ्या बायका सगळ्यांची पानं झाल्यावर ओट्याशी उभ्यानंच जेवल्या, आणि त्यांच्यातली एकही कुणाला घर देऊन गेली नाही. आता तीही वेळ बघेल, मीही बघेन. मला घाई नाही. माझी पोर तिच्या जागेवर आहे, सारंगलाही मी आणेनच वळणावर, आणि तोवर या घरातून मी एक पाऊल हलणार नाही.

श्रिया मात्र मला बघत होती. ती पहिल्यापासून मलाच बघत होती.

"ममा," ती म्हणाली, "व्हाय यू स्टँडिंग?"

"बसायला जागा कमी असली म्हणून माणसं कमी होत नाहीत," मी म्हटलं. "जेव तू."

ती जेवली नाही. तिनं बापाकडे बघितलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे, बराच वेळ, डोळे न मिटता. मग ताटातला पहिला घास उचलला, खुर्चीवरून उठली नाही, फक्त हात लांब करून तो माझ्या तोंडाशी धरला. मी वाकले, आणि त्या खुर्चीकडे बघत बघत तो सावकाश चावून खाल्ला.